मेल सर्व्हरच्या रांगेत अकरा हजार मेल अडकलेत, सरळ पुसून टाकू का?

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. कोल्हापूरकडच्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम आमच्याकडे आहे. तिथे उबुंटू २०.०४ वर पोस्टफिक्सचा (मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर आहे. बाहेरून येणारा मेल आधी याच्याकडे येतो आणि मग आतल्या जुन्या मेल सर्व्हरला जातो. बाहेर जाणारा मेलही याच्यातूनच निघतो. महिन्याच्या सुरुवातीला सभासदांचे खातेउतारे याच वाटेने जातात.

शुक्रवारी उतारे पाठवले. आज सकाळपासून 'उतारा आला नाही' म्हणून फोन सुरू आहेत, आणि फोन करणारे जवळपास सगळे जीमेलवाले. मेलक्यू चालवलं तर यादी संपता संपेना, शेवटच्या ओळीत अकरा हजारांच्या वर आकडा. पोस्टक्यू -एफ मारून बघितलं, काही उपयोग नाही, उलट आकडा वाढला. सर्व्हर रीस्टार्ट करून झाला. डिस्कवर जागा भरपूर आहे.

व्यवस्थापक साहेबांना उद्या दुपारपर्यंत उत्तर हवं आहे. रांग रिकामी करून उतारे नव्याने पाठवू का? यादीचा थोडा भाग देतो:

*[इथला भाग काढला आहे. त्यात सभासदांचे खरे ईमेल पत्ते दिसत होते. पत्ते झाकून पुन्हा द्यावा. – संपादक मंडळ]*

ढोबळे_गणित | सोमवार, रात्री ९:५५

एवढ्यासाठी धागा? पोस्टफिक्स थांबवा, /व्हार/स्पूल/पोस्टफिक्समध्ये जा, डिफर्ड (अडलेल्या मेलच्या) फोल्डरवर आरएम -आरएफ (सरसकट पुसायची आज्ञा) फिरवा, परत सुरू करा, उतारे परत पाठवा. दहा मिनिटं. चहासकट.

जुनं_टपाल | सोमवार, रात्री १०:२०

ढोबळेराव, चहा घ्या, पण आरएम राहू द्या. डिफर्ड फोल्डरमधली फाईल हाताने उडवली तरी ती का अडली याची नोंद शेजारच्या 'डिफर' नावाच्या फोल्डरमध्ये वेगळी असते, ती तशीच मागे राहते. चालू सर्व्हरवर असं केलं तर क्यू मॅनेजर ज्या फाईलला हात घालतोय तीच खालून नाहीशी होते. पोस्टफिक्सने या कामासाठी पोस्टसुपर दिलाय, तो वापरायचा. आणि सगळं पुसून उतारे पुन्हा पाठवले तर ज्यांना शुक्रवारीच मिळाले त्यांना दुसऱ्यांदा जातील, आणि ज्या कारणाने अडले ते कारण जागच्या जागी राहील.

पंचगंगाकाठ, पोस्टक्यू -एफ आता पुन्हा मारू नका. त्याने रांगेतला प्रत्येक मेल आत्ताच्या आत्ता पुन्हा पाठवायला घेतला जातो. पोस्टफिक्सच्या हिशेबात पहिल्या अपयशानंतर ३०० सेकंद थांबायचं आणि मग अंतर वाढवत ४,००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाच्या थोडं वर, न्यायचं असं असतं. तुम्ही तो हिशेब मोडून मेलेल्या पत्त्यांची दारं सारखी ठोठावताय आणि चांगल्या मेलला त्यांच्यामागे उभं करताय. शिवाय समोरच्याने आधीच 'हळू पाठवा' म्हटलं असेल तर तो अजून चिडतो.

आधी रांगेत काय आहे ते बघू. तीन गोष्टी आणा:

क्यूशेप डिफर्ड. कुठल्या डोमेनकडे जाणारे किती मेल अडलेत आणि किती मिनिटांपासून, याचा तक्ता मिळेल.
क्यूशेप -एस डिफर्ड. तोच तक्ता, पण पाठवणाऱ्याच्या डोमेननुसार.
पोस्टक्यू -जे. प्रत्येक मेलची एक ओळ मिळते आणि त्यात उशिराचं कारण असतं. ३.१ पासून ही सोय आहे, तुमच्याकडे चालेल. कारणं वेगळी काढा, सारखी एकत्र करा, मोजा.

आज्ञा मुद्दाम देवनागरीत लिहितोय. पुसण्याच्या आज्ञा धाग्यावरून उचलून टर्मिनलवर चिकटवणारे मी पाहिलेत.

ढोबळे_गणित | सोमवार, रात्री १०:२८

काका, ह. घ्या. माझ्या घरच्या सर्व्हरवर चालतं हो.

नाखवा | सोमवार, रात्री ११:०५

मी एक्झिमवाला (तोही पोस्टफिक्ससारखाच मेल सर्व्हर, सीपॅनेल असलेल्या होस्टिंगवर बहुतेक तोच असतो), त्यामुळे आज्ञा वेगळ्या. एक्झिम -बीपीसीने रांगेचा नुसता आकडा कळतो. आमच्याकडे मरायला टेकलेले मेल 'फ्रोझन' म्हणून गोठतात, आणि त्यात बहुतेक परत न जाऊ शकलेले बाऊन्सच ('मेल पोचला नाही' असे परतीचे निरोप) असतात. एक्झिक्यूग्रेप -झेड -आय ने गोठलेल्यांचे आयडी काढायचे, एक्झिम -एमव्हीएच ने दोनचारांचे हेडर वाचायचे, मगच एक्झिम -एमआरएम. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये गोठलेला बाऊन्स २ दिवसांनी आणि कुठलाही गोठलेला मेल ७ दिवसांनी आपोआप जातो, त्यामुळे खरं तर हातही लावावा लागत नाही.

वाचनखूण साठवली आहे. पोस्टफिक्सवाल्यांचं पुढे काय होतं ते बघायचंय.

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ११:५०

काका, तिन्ही काढलं. पत्ते काढून सारांश देतो.

पाठवणाऱ्यांच्या तक्त्यात सगळ्यात वर आमचं डोमेन नाहीच, 'मेलर-डीमन' आहे. सुमारे ७,४००. आमच्या डोमेनचे ३,६००. मेलर-डीमनच्या ओळीत मेल सगळ्या रकान्यांत पसरलेत, ५ मिनिटांपासून १,२८० मिनिटांच्या पुढेपर्यंत. आमच्या ओळीत जवळपास सगळे शेवटच्या रकान्यात.

आमच्या ३,६०० मध्ये कारणं अशी: ३,१०० च्या आसपास जीमेलचं ४२१ ४.७.२८. शे-तीनशेंना 'कनेक्शन टाइम्ड आउट'. बाकीच्यांत ४५२ ४.२.२, म्हणजे पेटी भरली, आणि थोडे किरकोळ.

मेलर-डीमनवाले मेल शेकडो वेगवेगळ्या डोमेनना चाललेत. त्यातली बरीच नावं मी आयुष्यात ऐकली नाहीत. रशिया, ब्राझील, काय वाट्टेल ते. सर्व्हर हॅक झालाय का?

जुनं_टपाल | मंगळवार, सकाळी ६:४५

हॅक झालेला दिसत नाही. झाला असता तर पाठवणाऱ्याच्या जागी तुमचंच एखादं खातं हजारोंनी दिसलं असतं. मेलर-डीमन म्हणजे तुमच्याच सर्व्हरने तयार केलेले 'मेल पोचला नाही' असे निरोप. त्यांना पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा असतो, म्हणून यादीत ते नाव दिसतं.

तक्त्याचा आकार बघा. उतारे सगळे शेवटच्या रकान्यात, कारण ते शुक्रवारी एका फटक्यात आत आले. मेलर-डीमन सगळ्या रकान्यांत, म्हणजे तो ओघ आत्ताही चालू आहे. तुम्ही काल रात्री रांग पुसली असतीत तर आज नाश्त्यापर्यंत परत भरायला लागली असती.

माझा अंदाज असा: बाहेरचे स्पॅमवाले तुमच्या डोमेनवर मनाला येतील त्या नावांनी मेल पाठवतात. तुमच्या दारातल्या पोस्टफिक्सला आत कोणत्या पेट्या आहेत ते माहीत नाही, म्हणून तो सगळं घेतो. आतला सर्व्हर म्हणतो, असा माणूस इथे नाही. आता मेल तर घेऊन झालाय, मग पोस्टफिक्स नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याला कळवायला जातो. पण पाठवणारा खोटा. पाकिटामागे भलत्याचंच नाव लिहिलेलं. त्या भलत्याचा सर्व्हर एकतर उचलत नाही, किंवा उचलतो आणि तुम्हाला स्पॅमवाला समजतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात.

एक आयडी घेऊन पोस्टकॅट -क्यू ने उघडा. आत तुमच्या आतल्या सर्व्हरचं '५५० ५.१.१' (असा माणूस नाही) आणि पुढे 'आरसीपीटी टू या आज्ञेला उत्तर' असं दिसलं तर अंदाज खरा. आरसीपीटी टू म्हणजे मजकूर देण्याआधी मेल कुणासाठी आहे ते सांगायची पायरी. ते शेवटचं वाक्य नीट बघा, त्यावर पुढचा इलाज ठरतो.

पंचगंगाकाठ | मंगळवार, सकाळी ९:१०

तंतोतंत तेच आहे. काही बघितले, सगळ्यांत आरसीपीटी टू. मूळ मेल औषधं आणि लॉटरीचे.

वाटसरू_म्युनिक | मंगळवार, दुपारी १२:३०

इकडे म्युनिकमध्ये माझं कामच मेल पोचवण्याचं आहे, म्हणून जीमेलच्या भागाबद्दल लिहिते.

४२१ ४.७.२८ चा अर्थ तुमच्या आयपीवरून नको असलेल्या मेलचं प्रमाण वाढलंय, म्हणून तात्पुरता लगाम लावलाय असा. पहिला आकडा ४, म्हणजे 'नंतर या'. ५ असता तर 'पुन्हा येऊ नका'. तेव्हा तुमचे ३,१०० उतारे मेलेले नाहीत, त्यांना पुसण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यावर लगाम बसला तो शेजारच्या ७,४०० मुळे असणार, कारण त्यातले कित्येक जीमेलच्याच निरपराध लोकांकडे जाऊन पडले असतील आणि त्यांनी स्पॅमचं बटण दाबलं असेल. दादा, तुमच्या दृष्टीने दोन वेगळ्या भानगडी आहेत, जीमेलच्या दृष्टीने आयपी एकच.

बाकी एसपीएफ, डीकिम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा), उलटं डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) हे ठीक आहे ना तेही बघून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला सगळ्यांकडूनच एसपीएफ किंवा डीकिम आणि नीट उलटं डीएनएस हवं असतं. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (त्या खुणा पटल्या नाहीत तर काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. तुमची संस्था आज त्या आकड्याच्या आत असेल, पण सभासद वाढले की नसेल.

आता 'टाइम्ड आउट'वाले शे-तीनशे. डोमेनची नावं बघितलीत का? मला वाटतं ती चुकलेली असणार.

पंचगंगाकाठ | मंगळवार, दुपारी १:०५

ताई, बरोबर. जीमेलची जितकी चुकीची स्पेलिंग असू शकतात तितकी सगळी आहेत. ए-आय उलटसुलट, एक एल कमी, शेवटचा एम गळालेला. याहू आणि रेडिफमेलही तसंच. सभासदांनी अर्जावर हाताने लिहिलं, काउंटरवर कुणीतरी वाचून टाइप केलं.

पण मग हे लगेच परत का नाही आले? असं डोमेनच नाही म्हटल्यावर तिथल्या तिथे बाऊन्स व्हायला हवं होतं.

वाटसरू_म्युनिक | मंगळवार, दुपारी १:४०

डोमेन नसतं तर झालंच असतं. शेवटी कॉमऐवजी 'कॉन' लिहिलेले पत्ते तुम्हाला रांगेत दिसणार नाहीत, कारण तसं काही अस्तित्वातच नाही. पोस्टफिक्स ५.४.४ (असं डोमेन सापडत नाही) देऊन तेव्हाच मोकळा होतो. पण मोठ्या नावांची जवळची चुकीची स्पेलिंग कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेली असतात. तिथे जाहिरातीचं पान असतं, मेलसाठीची एमएक्स नोंद नसते. एमएक्स नसेल तर वेबसाइटचाच पत्ता धरून तिथे मेल द्यायचा प्रयत्न करायचा, असा एसएमटीपीचा, म्हणजे मेल देण्याघेण्याच्या पद्धतीचा, जुना नियम आहे. ते यंत्र २५ नंबरच्या पोर्टवर काही बोलतच नाही, नाही सुद्धा म्हणत नाही. पोस्टफिक्स ३० सेकंद वाट बघतो, 'टाइम्ड आउट' लिहितो, आणि ही तात्पुरती अडचण समजून पाच दिवस फेऱ्या मारतो.

डोमेनच्या मालकाला 'इथे मेल घेतला जात नाही' असं सांगायची सोय २०१५ च्या आरएफसी ७५०५ या इंटरनेटच्या नियमपत्राने केली आहे, तिला नल एमएक्स म्हणतात. ज्यांनी ती लावली त्यांचे मेल लगेच परत येतात. सगळे लावत नाहीत.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. चुकीच्या स्पेलिंगची काही डोमेन मेल घेतात. कुठल्याही नावाला आलेला. ते मेल तुमच्या रांगेत नाहीत, लॉगमध्ये 'सेंट' म्हणून गेलेत. त्यात खातेउतारे होते. लॉगमधून 'सेंट' झालेल्या डोमेनची यादी काढा आणि कमीत कमी संख्येची डोमेन डोळ्यांनी वाचा.

ढोबळे_गणित | मंगळवार, दुपारी १:५२

बाप रे. हे डोक्यात आलं नव्हतं.

जुनं_टपाल | मंगळवार, दुपारी ३:३०

वाटसरूताईंनी फार मोलाचं सांगितलं. आता कामाचा क्रम लिहितो, क्रम बदलू नका.

ओघ थांबवा. आतला सर्व्हर आरसीपीटी टूलाच नकार देतो, हे तुमचं नशीब. त्यामुळे पोस्टफिक्सला 'मेल घेण्याआधी आत विचारून ये' असं सांगता येतं. येणाऱ्या मेलच्या नियमांत रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट टाका. त्याचा मूळ नकार ४५० असतो. दोन दिवस तसाच ठेवून लॉग बघा, खऱ्या कर्मचाऱ्याचा मेल अडत नाही याची खात्री झाली की ५५० करा. पेट्या थोड्या असतील तर रिले_रेसिपियंट_मॅप्समध्ये नावांची यादीच दिलेली मला जास्त आवडते. आतला सर्व्हर झोपला तरी ती चालते.

जीमेलचे उतारे बाजूला ठेवा. पोस्टसुपर -एच, छोटा एच, म्हणजे होल्ड. यादीत त्यांच्यापुढे उद्गारचिन्ह येईल. मोठा एच म्हणजे सोडा. लिपीत फरक दिसत नाही म्हणून शब्दांत सांगतोय. यामुळे जीमेलला तुमचा त्रास थांबेल आणि लगाम सैल व्हायला वेळ मिळेल.

मग मेलर-डीमन पुसा. यात एक तोटा आहे तो समजून घ्या. त्या ७,४०० मध्ये चारदोन निरोप खऱ्या माणसाला जाणारे असतील, ज्याने तुमच्या एखाद्या कर्मचाऱ्याचा पत्ता चुकीचा टाइप केला. पुसल्यावर त्याला कधीच कळणार नाही. म्हणून आधी ओळखीची डोमेन, म्हणजे जिल्हा बँक, सहकार खातं, तुमचे लेखापरीक्षक, वगळा. उरलेल्यांचे आयडी एका फाईलमध्ये काढा. आयडीला चिकटलेली चांदणी किंवा उद्गारचिन्ह छाटा. ती फाईल पोस्टसुपर -डी ला द्या, आयडीच्या जागी नुसती आडवी रेघ टाकली की तो यादी बाहेरून वाचतो. 'ऑल' हा शब्द वापरू नका, तुमचे उतारेही त्याच सर्व्हरवर आहेत.

आणखी एक बारीक गोष्ट. पोस्टफिक्सचे छोटे आयडी पुन्हा वापरले जातात. सकाळी काढलेली यादी संध्याकाळी चालवली तर तोच आयडी एखाद्या नव्या मेलला मिळालेला असू शकतो. यादी काढली की लगेच वापरा. लांब आयडीची सोय २.९ पासून आहे, एनेबल_लाँग_क्यू_आयडीज, ती चालू करून टाका.

चुकलेल्या स्पेलिंगचे मेल पुसू नका. ते परत यायला हवेत, नाहीतर कुणाचा पत्ता चुकलाय हे संस्थेला कसं कळणार? ३.५ पासून पोस्टसुपर -ई आहे. त्याने मेलची मुदत सक्तीने संपते आणि पुढच्या प्रयत्नाला तो रीतसर परत येतो.

पंचगंगाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

काका, -ई चालत नाही, असा पर्यायच नाही म्हणतो.

जुनं_टपाल | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

२०.०४ मध्ये ३.४ येतो, विसरलो. मग जुनी रीत. कुठल्या डोमेनचा मेल कुठल्या वाटेने न्यायचा हे सांगणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या तक्त्यात प्रत्येक चुकीचं डोमेन लिहा आणि त्यापुढे 'एरर:' व ५.१.२ असा कोड द्या. पोस्टमॅप चालवा. मेल कुठे द्यायचा हे पोस्टफिक्स प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी नव्याने ठरवतो, त्यामुळे आधीच रांगेत असलेल्यांनाही हे लागू होतं. पुढच्या फेरीत सगळे परत. पुढच्या महिन्यातही हीच स्पेलिंग आली तर तिथल्या तिथे परत येतील आणि जी डोमेन मेल गिळतात त्यांच्याकडेही जाणार नाहीत. त्यांचीही नावं यात घाला.

पण थांबा. उतारे कुठल्या पत्त्यावरून जातात? 'नो-रिप्लाय' असेल तर त्या नावाची पेटी आत आहे का?

पंचगंगाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ५:३८

नाही... नावापुरताच पत्ता आहे तो.

जुनं_टपाल | मंगळवार, संध्याकाळी ५:४५

मग आजवरचा एकही बाऊन्स कुणी वाचलेला नाही. बाऊन्स निघाला, आतल्या सर्व्हरने 'असा माणूस नाही' म्हटलं, आणि बाऊन्सचा बाऊन्स करायचा नसतो म्हणून पोस्टफिक्सने तो मुकाट्याने टाकून दिला. आधी ती पेटी बनवा, मग ट्रान्सपोर्टचा तक्ता. वर क्रम बदलू नका म्हणालो होतो, त्यात ही एक पायरी घाला.

डिले_वॉर्निंग_टाइम पण बघा. तो मुळात शून्य असतो, म्हणजे बंद. चार तास केलात तर रांगेत अडलेल्या मेलची सूचना पाठवणाऱ्याला त्याच दिवशी मिळते.

मांडवीपार | मंगळवार, रात्री ८:२०

देव बरें करूं काका! आमच्या पणजीच्या हॉटेलचंही रांगेचंच दुखणं आहे, पण आमच्याकडे सगळीच डोमेन टाइम्ड आउट. जीमेल, याहू, सगळी. सर्व्हर नुकताच क्लाउडवर हलवलाय.

वाटसरू_म्युनिक | मंगळवार, रात्री ८:४५

सगळीच म्हटल्यावर दोष समोरच्यांचा नाही. बहुतेक मोठे क्लाउडवाले बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट मुळात बंद ठेवतात, स्पॅम नको म्हणून. अर्ज करून उघडून मिळतं का बघा. नाहीतर एखादी मेल रिले सेवा घ्या आणि रिलेहोस्टमध्ये तिचं नाव व ५८७ पोर्ट लिहा. रांगेतलं काही पुसायची गरज नाही, वाट मोकळी झाली की जाईल. अशा वेळी मात्र एकदा पोस्टक्यू -एफ मारायला हरकत नाही.

ढोबळे_गणित | मंगळवार, रात्री ९:३०

एक प्रामाणिक शंका. ही पाच दिवसांची मुदतच एक दिवस केली तर? रांग साचणारच नाही. आजच्या काळात कोण पाच दिवस वाट बघतं?

जुनं_टपाल | मंगळवार, रात्री १०:१०

अर्धं बरोबर आहे तुमचं. मुदती दोन असतात. बाऊन्स_क्यू_लाइफटाइम ही फक्त परतीच्या निरोपांची, ती खुशाल एक दिवस करा. मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम ही माणसांच्या मेलची. तिला कात्री लावताना शनिवार-रविवार आठवा. एखाद्या छोट्या कार्यालयाचा सर्व्हर शुक्रवारी रात्री बंद पडला, सोमवारी माणूस आला. एक दिवसाची मुदत असती तर रविवारपर्यंत त्यांचा सगळा मेल परत गेला असता. दिवाळीच्या सुट्टीत तर विचारू नका.

चार ते पाच दिवस हा आकडा १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये होता आणि २००८ च्या ५३२१ मध्येही तसाच राहिला.

अवांतर: १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरची काही वर्षं आम्ही मोडेम जोडून दिवसातून ठरावीक वेळीच मेल सोडायचो. रांग म्हणजे काही बिघाड असं तेव्हा कुणाला वाटायचंच नाही. तो मेल सर्व्हरचा नेहमीचा कप्पा होता.

नाखवा | मंगळवार, रात्री १०:२५

एक्झिमच्या मूळ नियमात ४ दिवस आहेत. पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, मग १६ तासांपर्यंत अंतर दीडपट वाढवत, मग दर ६ तासांनी. मी कधी बदलले नाहीत.

पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी ११:००

काल रात्री सगळं केलं. आत विचारून घेण्याचा नियम लावल्यावर अर्ध्या तासात मेलर-डीमनची ओळ वाढायची थांबली. लॉगमध्ये ४५० चा पाऊस. जिल्हा बँक वगैरे वगळून बाकीचे पुसले. वगळलेल्यांत खरोखर एक निघाला, लेखापरीक्षकांच्या कार्यालयाने आमच्या वसुली अधिकाऱ्याचं नाव चुकवलं होतं. त्यांना फोन केला.

नो-रिप्लायची पेटी बनवून ट्रान्सपोर्टचा तक्ता लावला. चुकलेले पत्ते सगळे परत आले, संस्थेला यादी दिली. ताईंनी सांगितलेलं लॉगही तपासलं. चुकीच्या डोमेनवर 'सेंट' झालेले काही निघाले. ते व्यवस्थापक साहेबांना लेखी कळवलंय. ती बैठक दुपारी आहे.

जीमेलचे अजून होल्डवर. आता सोडू का?

वाटसरू_म्युनिक | बुधवार, सकाळी ११:२५

आजच सोडा, पण धरण फोडल्यासारखे नको. होल्डवर असताना मेलची मुदत संपत नाही, पण सोडल्यावर वय मूळ वेळेपासूनच मोजलं जातं. शुक्रवारचे मेल आज पाच दिवसांचे होतील, आणि त्यानंतर पहिलाच प्रयत्न फसला तर थेट बाऊन्स. म्हणून आधी मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम तात्पुरती आठ दिवस करा.

मग मास्टर फाईलमध्ये एसएमटीपीची एक प्रत वेगळ्या नावाने बनवा, समजा 'स्लो'. मेन फाईलमध्ये स्लो_डेस्टिनेशन_रेट_डिले २ सेकंद, आणि ट्रान्सपोर्टच्या तक्त्यात जीमेलपुढे 'स्लो:'. त्यामुळे जीमेलकडे एका वेळी एकच मेल, दोन सेकंदांच्या अंतराने. ३,१०० मेल पावणेदोन तासांत जातील. आधी पन्नासेक सोडून लॉग बघा. ४२१ आला तर थांबा, रात्री पुन्हा.

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री ९:१५

दुपारी पन्नास सोडले, त्यातल्या निम्म्यांना ४२१. थांबलो. संध्याकाळी सातनंतर पुन्हा पन्नास, सगळे गेले. आता बाकीचे सोडलेत, लॉग समोर उघडा आहे, आकडा उतरतोय.

एकच उरलं. पेटी भरलेले ४.२.२ वाले सभासद. त्यांचं काय करू?

जुनं_टपाल | बुधवार, रात्री ९:४०

काही नाही. मुदत संपली की आपोआप परत येतील, आता ते वाचायला पेटी आहे. शाखेतून फोन करून उतारा कागदावर न्यायला सांगा. आणि ती आठ दिवसांची मुदत पुढच्या आठवड्यात परत पाच करायची, तेवढी नोंद करून ठेवा. उबुंटूचंही बघा, २०.०४ ची नेहमीची मुदत २०२५ मध्येच संपलीये.

ढोबळे_गणित | बुधवार, रात्री ९:४४

काका, घरच्या सर्व्हरवर क्यूशेप -एस चालवलं. मेलर-डीमन २१२. नवीन धागा काढू का इथेच विचारू?